चित्रातल्या सतरा चुका

गुणवंत वर्तकचं पोट चुकांवर चालायचं. अर्थात दुसऱ्यांच्या. नागोयात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो ड्रॉइंग तपासायचा. डिझाइनवाल्यांनी काढलेला प्रत्येक नकाशा कारखान्यात जाण्याआधी त्याच्या टेबलावरून जायचा आणि निघताना अंगावर लाल पेन्सिलीचे दोनचार गोल घेऊन निघायचा. ही सवय ऑफिसच्या कपाटात ठेवून घरी येता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही. हॉटेलातलं मेन्यूकार्ड, लेक कश्मिराच्या शाळेची पत्रकं, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, सगळं तो तपासायचा. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्याने दोनदा छापखान्यात परत पाठवली होती. दुसऱ्या खेपेला अनुराधाच्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा लग्नाला तयार आहे ना नक्की?"

त्याला हे काम शिकवलं ते इशिगुरो-साननी. इशिगुरो-सान, म्हणजे इशिगुरो साहेब, त्याचे विभागप्रमुख. दिवसभरात दहाबारा शब्द बोलणारे, आणि त्यातलेही निम्मे "असं का?" एवढेच. गुणवंत नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होता. या नऊ वर्षांत त्यांनी त्याला कधी शाबासकी दिली नव्हती आणि कधी रागावलेही नव्हते, त्यामुळे आपण त्यांना आवडतो की नाही याचा त्याला पत्ता नव्हता.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकेक रुमाल मिळाला. गुणवंतला मात्र कापडात गुंडाळलेला एक चपटा, जड चौकोन मिळाला.

"वारुताकु-सान," इशिगुरो-सान म्हणाले, "हे तुमच्याकडे असू द्या. भिंतीवर लावा."

'वर्तक' त्यांच्या जपानी तोंडात 'वारुताकु' व्हायचा. त्यांच्या मानाने हे मोठं भाषण होतं.

घरी येऊन गुणवंतने कापड सोडलं. आत काचेच्या चौकटीत एक काळंपांढरं चित्र. टेबलावर एक चहाची किटली, दोन पेअर, ताटलीत एक मासा, ताटलीच्या दोन बाजूंना काटा आणि सुरी, एक घडी घातलेलं वर्तमानपत्र. खाली पेन्सिलीने '७/३०', सही आणि '१९९८'.

गुणवंतने एकदा पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. किटलीचं तोंड दिसत होतं वरून, पोट समोरून, आणि कान मागून. टेबल इतकं पुढे कललेलं की मासा केव्हाच जमिनीवर यायला हवा होता. एक पेअर अर्धा कापलेला, पण बाहेरून. कसा ते पेअरलाच ठाऊक.

"किती सुंदर आहे!" अनुराधा म्हणाली.

"सुंदर? अगं, या किटलीत चहा राहणार नाही."

"आपल्याला कुठे तिच्यात चहा करायचाय?" म्हणत तिने चित्र जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावूनसुद्धा टाकलं. ती एका बालवाडीत अर्धवेळ काम करायची आणि भिंतीवर काय लावायचं याचे निर्णय ती कुणाला विचारून घेत नसे.

अकरा वर्षांची कश्मिरा शाळेतून आली, चित्रासमोर उभी राहिली आणि जपानीत म्हणाली, "भारी! क्युबिझम आहे हे. आम्हाला चित्रकलेच्या तासाला होतं."

"म्हणजे काय?" गुणवंतने मराठीत विचारलं. घरात हे असंच चालायचं.

"म्हणजे एक वस्तू एकदम सगळ्या बाजूंनी बघायची."

"मग तीन बाजूंच्या तीन आकृत्या वेगळ्या काढायच्या ना! वरून, समोरून, बाजूने. जग तसंच करतं. एकीत तिन्ही कोंबायच्या, ही कुठली पद्धत?"

"बाबा," कश्मिरा या वेळी मुद्दाम मराठीत म्हणाली, "ते चित्र आहे. कारचा पार्ट नाही."

मुद्दा बरोबर होता. पण रोज सकाळसंध्याकाळ पोळीचा घास तोंडाजवळ नेताना समोर ती किटली यायची आणि गुणवंतचा हात थांबायचा. आठवड्याभरात त्याचं जेवण निम्म्यावर आलं. जागा बदलून भिंतीकडे पाठ करून बसला, तर पाठीला ते टेबल कलल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी एका शनिवारी त्याने चित्र खाली उतरवलं, कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात नेलं, तिथल्या झेरॉक्स यंत्रावर त्याची मोठी प्रत काढली आणि लाल पेन्सिलीला टोक करून बसला.

पहिला गोल पडला चित्राच्या कडेला: 'कागदावर चौकोनी दाब. प्रेसमध्ये दोष.' दुसरा '७/३०' वर. ही तारीख म्हणावी तर तीस जुलै, पण वर्ष वेगळं कशाला लिहिलंय? की तीस नगांपैकी सातच पास झाले? अनुराधाने फोनवर शोधून सांगितलं की हे एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण लावतात, सुईने मेण खरवडून चित्र काढतात, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवला की रेघा कोरल्या जातात, मग त्यात शाई भरून कागदावर दाबतात. तशा तीस प्रती काढल्या, त्यातली ही सातवी. आणि चौकोनी दाब म्हणजे पत्र्याचीच खूण. ती असणं चांगलं समजतात.

"चांगलं कोण समजतं?"

"ज्यांना कळतं ते."

गुणवंतने दोन्ही गोल खोडरबराने पुसले. त्याच्या आयुष्यात हे क्वचित घडायचं, त्यामुळे बाकीच्या गोलांच्या बाबतीत तो जास्तच कडक झाला. किटली कुठल्या उंचीवरून पाहिली, मासा कुठून, हे ठरवायला त्याने सगळी मांडणी घरातच उभी केली. किटली शंभर येनच्या दुकानातून आणली. जपानी पेअर गोल निघाले, ते चालवून घेतले. माशाचा प्रश्न होता. वर्तकांच्या घरात मासा शिरला नव्हता आणि शिरणारही नव्हता, म्हणून अनुराधाच्या फ्रिजमधलं एक लांब वांगं ताटलीत निजलं. गुणवंत कधी खुर्चीवर चढून, कधी ओणवा होऊन, कधी गालिच्यावर पालथा पडून त्या वांग्याकडे एक डोळा मिटून बघत होता. कश्मिराने त्याचा फोटो काढून ठेवला.

दुपार सरता सरता त्या वांग्याचं भरीत झालं, आणि प्रतीवर सतरा लाल गोल होते. प्रत्येकाला आकडा, प्रत्येकाचा खुलासा शेजारी इंग्रजीत, छापील वाटावा अशा अक्षरात. गुणवंतने चित्र परत टांगलं आणि त्या रात्री पोटभर जेवला. चूक सापडली की त्याला भूक लागायची.

गोष्ट इथेच संपायची. पण मे महिन्यात इशिगुरो-सानचा फोन आला. चित्र कसं लावलंय ते बघायला यावं म्हणतात.

अनुराधाने रविवारी दुपारी जेवायलाच बोलावलं. सकाळपासून घरात पुऱ्या, बटाट्याची भाजी, साबुदाणा वडे यांची धांदल. श्रीखंडासाठी दही आदल्या दिवशीपासून टांगलेलं. गुणवंतने चित्राची काच पुसली, चौकट सरळ आहे का ते पाणसळ लावून पाहिलं आणि सतरा गोलांची प्रत फ्रिजच्या मागे सरकवून टाकली.

इशिगुरो-सान ठरल्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी आले. सोबत मोचीची, म्हणजे तांदळाच्या मिठाईची पेटी. त्यांनी चित्र पाहिलं, "असं का?" म्हणाले आणि टेबलाशी बसले. दोन वडे खाल्ले. गुणवंतचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कश्मिरा अस्खलित जपानीत म्हणाली, "इशिगुरो-सान, आमच्या बाबांनी तुमच्या चित्रात सतरा चुका काढल्यात. दाखवू?"

गुणवंतने पुरीचा घास परत ताटात ठेवला. अनुराधा स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून उभी राहिली. कुणी काही म्हणायच्या आत पोरीने फ्रिजमागे हात घालून कागद ओढून काढला आणि पाहुण्यांसमोर पसरला.

इशिगुरो-साननी हात पुसले. चष्मा कपाळावर चढवला. कागदावर वाकले आणि पहिल्या गोलापासून वाचायला लागले. पाचवा गोल. आठवा. बाराव्याशी ते बराच वेळ थांबले. गुणवंतला वाटलं, आता उठतील, वाकून नमस्कार करतील, चित्र काखेत मारतील आणि जातील. नऊ वर्षांचा हिशेब एका पोरीने मिटवला.

इशिगुरो-साननी डोकं वर केलं.

"लाल पेन्सिल आहे?"

गुणवंतने ती दिली. त्यांनी टेबलाच्या खालच्या अंगाला एक सुबक गोल काढला, आत १८ लिहिलं आणि म्हणाले, "टेबलाला पाय तीन. सावल्या चार. ही तुमच्या नजरेतून सुटली."

"सुमिमासेन," गुणवंत सवयीने माफी मागून मोकळा झाला.

मग इशिगुरो-सान बोलले. नऊ वर्षांत जेवढे बोलले नव्हते तेवढे एका बैठकीत बोलले. सत्याण्णव साली कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी उत्तर इंग्लंडमधल्या समुद्राकाठच्या एका गावी पाठवलं होतं. तिथे ते मॉड एलर्बी नावाच्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खालच्या मजल्यावर बाईंचं छापायचं यंत्र, अ‍ॅसिडचा ट्रे, शाईचे डबे. तरुणपणी पॅरिसला जाऊन क्युबिस्टांची चित्रं पाहून आलेल्या. तेव्हापासून त्यांना एकही किटली धड दिसत नव्हती. इशिगुरो-सान परत निघाले तेव्हा बाईंनी आपलं हे चित्र भेट दिलं.

"त्या दर ख्रिसमसला कार्ड पाठवतात," इशिगुरो-सान म्हणाले. "दर वेळी विचारतात, चित्र कसं आहे? मी दर वेळी लिहितो, फार सुंदर. सव्वीस कार्डं झाली. वारुताकु-सान, मी जन्मभर तपासनीस. आणि सव्वीस वेळा खोटं लिहिलं."

"मग... मला का दिलंत?"

"मला वाटलं, तुम्ही तपासाल."

गुणवंतला हे शब्द कुठे ठेवावेत ते कळेना. अनुराधाने न विचारता पाहुण्यांच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

श्रीखंड येईपर्यंत ठरलं होतं की हा कागद मॉडबाईंना पाठवायचा. ठरवलं इशिगुरो-साननी. अनुराधा हादरली. "अहो, त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत म्हणता ना? काय वाटेल त्यांना?" पण इशिगुरो-सान हलले नाहीत. एक खुलासा आणि एक माफी असं पत्र इंग्रजीत अनुराधाने लिहिलं. ते इतकं नम्र झालं की वाचून नक्की कोणाची माफी कशाबद्दल मागितली आहे ते समजेना. कश्मिराने गुपचूप गालिच्यावर पालथ्या पडलेल्या बाबांचा फोटोही पाकिटात टाकला.

पाच आठवडे काहीच आलं नाही. इशिगुरो-सान दर रविवारी दुपारी "सहज" यायला लागले. येताना फळं आणायचे, टपालाचं विचारायचे, आणि "असं का?" म्हणून जेवायला बसायचे. चौथ्या रविवारी गुणवंतच्या मनात भलतेसलते विचार यायला लागले. बाई आजारी पडल्या की काय? आपल्या बाराव्या मुद्द्याने?

सहाव्या आठवड्यात जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. इशिगुरो-सान येईपर्यंत ते कुणी फोडायचं नाही, असं गुणवंतने जाहीर केलं आणि रविवारपर्यंत त्याने ते चार वेळा उजेडासमोर धरून पाहिलं.

रविवारी सगळे टेबलाभोवती बसले. आत त्यांचाच कागद होता. लाल गोलांशेजारी हिरव्या शाईतली तिरपी अक्षरं. अनुराधा वाचून मराठीत सांगायला लागली, कश्मिरा जपानीत.

"एक: नाही. दोन: नाही. तीन: तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. डावीकडे सरका." गुणवंत खरंच खुर्चीत किंचित डावीकडे सरकला. "चार: हे बरोबर सांगितलंत, पण मला तसंच हवं होतं. सात: किटली गळतेच, चाळीस वर्षं गळतेय. बारा: हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी दोन दिवस विचार केला. उत्तर नाही. अठरा: चौथी सावली मांजराची आहे. ते टेबलाखाली उभं होतं, सावली सोडून बाकीचं निघून गेलं."

इशिगुरो-सान उठून भिंतीपाशी गेले, चित्राला नाक लावलं आणि परत येऊन बसले. "मांजराची," ते म्हणाले. ते मांजर त्यांना दोन वर्षं ओळखत होतं.

खाली पत्र होतं. अनुराधा वाचत होती.

"'गृहस्थहो, तुमचे अठराच्या अठरा मुद्दे फेटाळण्यात येत आहेत. पण या चित्रात एक चूक आहे. खरीखुरी. ती तुम्हा दोघांच्या नजरेतून सुटली.'"

दोन तपासनीस ताठ बसले.

"'पत्र्यावर चित्र काढलं की छापताना ते उलटं उमटतं, डावीकडचं उजवीकडे. आम्ही हे पहिल्या दिवशी शिकतो. त्या दिवशी मी विसरले. तीस प्रती छापून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की काटा ताटाच्या उजव्या हाताला आला आहे.'"

"काटा?" गुणवंत म्हणाला. "माशाचा?"

"खायचा हो! इंग्रज काटा डाव्या हातात धरतात, सुरी उजव्या. इथे उलट झालंय."

सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं. काटा उजवीकडे होता. महिनोन्‌महिने होता. गुणवंतने लगेच कबूल करून टाकलं की आपण हाताने जेवणारी माणसं, काट्याची बाजू आपल्या डोक्यात येणारच नाही. पण इशिगुरो-सान? ते तर दोन वर्षं तिथे राहिलेले!

अनुराधाने पुढचं वाचलं आणि तिचा आवाज हलायला लागला, हसू दाबल्यामुळे.

"'एका चित्रसमीक्षकाने त्या काट्यावर दीड पान लिहिलं, म्हणून मी गप्प राहिले. पण मिस्टर इशिगुरोंना ते दिसणार नाही याची मला खात्री होती. ते दर रविवारी माझ्या समोर बसून जेवायचे, आणि मी करीन तसं आरशासारखं करायचे. मी डाव्या हातात काटा घेतला की ते समोरच्या बाजूच्या हातात घ्यायचे, म्हणजे उजव्या. दोन वर्षं. मी सांगणार होते, पण ते फार मनापासून जेवत होते.'"

कश्मिराने हे जपानीत केलं.

इशिगुरो-साननी आपले दोन्ही हात उचलले, हवेत काटा धरला, सुरी धरली, हातांची अदलाबदल केली, पुन्हा केली. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला. गुणवंत घाबरून पाणी आणायला उठला, पण तो ठसका नव्हता, हसू होतं. नऊ वर्षांत त्याने ते कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ओळखू आलं नाही. इशिगुरो-सान डोळे पुशीत हसत होते. "जर्मनीत," ते मध्येच म्हणाले, "कंपनीच्या मेजवानीत... अध्यक्षांसमोर... तसाच जेवलो!"

सगळे हसून दमले. अनुराधा पुऱ्या लाटायला आत गेली, कश्मिरा तिच्या मागे गेली. खोलीत दोघेच उरले आणि गुणवंतच्या तोंडून निघून गेलं.

"इशिगुरो-सान, ते ब्रॅकेट."

हे त्याने घरीही कधी सांगितलं नव्हतं. नागोयात आल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे पुण्याच्या कॉलेजात इंग्रजांच्या पद्धतीने नकाशे शिकवलेले. वस्तूची डावी बाजू नकाशात उजवीकडे काढतात. जपानात डावी बाजू डावीकडेच. त्याने जपानी नकाशा पुण्याच्या डोळ्यांनी वाचला, आणि दोनशे चाळीस ब्रॅकेट उजव्याऐवजी डावे बनले. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली, तेव्हा कागदावर 'तपासलं' म्हणून इशिगुरो-सानचा शिक्का होता. आदल्या संध्याकाळपर्यंत तो तिथे नव्हता. बोलणी त्यांनी खाल्ली. गुणवंतला कुणी एक अक्षर विचारलं नाही. त्या दिवसापासून तो प्रत्येक कागद तीनदा तपासतो.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "धीर झाला नाही. आज म्हणतो. मनापासून आभार, आणि माफ करा."

तो उठून कमरेत वाकला आणि तसाच राहिला. आतून लाटण्याचा आवाज येत होता.

"कुठले ब्रॅकेट?" इशिगुरो-सान म्हणाले.

गुणवंतने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खरंच विसरले होते की नव्हते, हे कुठल्याही बाजूने बघून कळलं नसतं.

"बसा, वारुताकु-सान," ते म्हणाले आणि कागद पुढे ओढला. "उत्तर लिहायचं आहे. तिसरा मुद्दा मला पटलेला नाही. आपण बरोबर जागी उभे होतो."

गुणवंत बसला आणि पेन्सिलीला टोक करू लागला.